झाडाला विचारता येत नाही

पनामाच्या जंगलात टॅकिगाली व्हर्सिकलर नावाचा उंच वृक्ष आहे. वर्षानुवर्षं तो नुसता वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो, बिया पाडतो आणि साधारण वर्षभरात वाळून मरतो. रॉबिन फॉस्टर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७७ साली 'नेचर'मध्ये त्याला 'आत्मघातकी' म्हटलं. झाड मेल्यावर वरच्या दाट पानोळ्याला खिंडार पडतं आणि त्यातून येणारा उजेड त्याच्याच रोपांना मिळत असावा, असा तर्क आहे.

आता पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट घ्या. जमिनीखाली बिळं खणून राहणारा, जवळजवळ केस नसलेला, उंदराएवढा प्राणी. पाळलेला उंदीर तीनेक वर्षं जगतो, हा ३० वर्षांहून जास्त. वय वाढलं तरी त्याचा मृत्यूचा धोका वाढत नाही, असं २०१८ सालच्या एका अभ्यासात दिसलं. मात्र वसाहतीत पिल्लं होतात ती एकाच राणीला. बाकीचे बहुतेक जण जन्मभर खणतात आणि तिची पिल्लं सांभाळतात.

यातून बोध काढायचा मोह तुम्हालाही होईल. बिळात आदर्श एकत्र कुटुंब दिसेल. आणि त्या झाडात, आपण परदेशात राहणारे असल्यामुळे, आईवडील दिसतील: ते तिकडे वाळले, म्हणून आपल्याला इकडे ऊन मिळालं.

ही उपमा ऐकायला छान वाटते, पण मला ती अन्यायाची वाटते. झाडाला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. बिळातल्या उंदरालाही नाही. म्हणून त्यांच्या मरणाला किंवा राबण्याला त्याग म्हणता येत नाही. तुमच्या फीसाठी बांगड्या मोडणाऱ्या आईला मात्र 'नाही' म्हणता आलं असतं. 'आईचं काळीजच तसं' असं म्हणून आपण तिचा निर्णय तिच्याकडून काढून घेतो आणि निसर्गाच्या नावावर चढवतो. मग तिचे उपकार मानायची गरज उरत नाही. उलट, एखादी आई स्वतःसाठी काही राखून ठेवू लागली, की तीच आपल्याला विपरीत वाटते.

निसर्गात काय घडतं ते विज्ञान सांगतं. कोणी कोणासाठी किती झिजावं, हे त्यातून निघत नाही. ते माणसांनी एकमेकांशी बोलूनच ठरवावं लागतं. रविवारच्या फोनवर आपण तब्येत विचारतो, औषधं विचारतो. एकदा हेही विचारून पाहा: तुला स्वतःला काय करायचं होतं? त्यातलं अजून काय करायचंय?