माहिती आणि पुरावा

१२ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची भररस्त्यात हत्या झाली, आणि त्यानंतर जी चर्चा कानांवर पडत राहिली तिच्या उथळपणाचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही. ‘चकमकी करणारी ती जुनी पथके परत आणा, शहर आठ दिवसांत सरळ होईल’ हे तिचे पालुपद.

करीम लाला, हाजी मस्तान, वरदराजन यांच्यापासून १९९३ च्या बॉम्बस्फोटांपर्यंतचा टोळ्यांचा इतिहास मुंबईकरास तोंडपाठ आहे. तो येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. गिरण्यांच्या संपातून गुंड निपजले असे सांगणाऱ्यांना एवढेच विचारावे की, त्या संपात देशोधडीला लागलेल्या लाखो कामगारांपैकी कितीजणांनी पिस्तूल हाती धरले? कॅमेरे लावून खून थांबतील असे मानणाऱ्यांशी तर वाद घालण्यातही अर्थ नाही. वादास पात्र असा पक्ष एकच: चकमकींनी मुंबईतील टोळीयुद्ध संपविले, हा.

हा पक्ष दुबळा नाही. खंडणीच्या फोनने झोप उडालेल्या बिल्डरास, १९९७ मध्ये संगीत-निर्माते गुलशनकुमार दिवसाढवळ्या मारले गेल्यावर हादरलेल्या निर्मात्यास, कोर्टाच्या तारखांनी विटलेल्या फिर्यादीस पोलिसांची गोळी हाच न्याय वाटला असेल, तर त्यात नवल नाही. परंतु त्या गोळीने मरे कोण? बहुधा सुपारीचे चार पैसे घेऊन चाप ओढणारा शूटर. हुकूम सोडणारा धनी परदेशी सुखरूप. त्या धन्यापर्यंत पोहोचविणारा दुवा म्हणजे शूटरची जबानी, आणि ती त्याच्याबरोबरच सरणावर जाई. शिवाय तो कोठे लपला आहे याची टीप पथकास पुष्कळदा प्रतिस्पर्धी टोळीचाच खबरी देई. म्हणजे सरकारी काडतुसाने एका टोळीचे काम दुसऱ्या टोळीसाठी विनामोबदला होत असे, निदान त्यास मोबदला नव्हता असे आपण धरून चालू. २००६ च्या लखनभैया बनावट चकमक प्रकरणी सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये ज्या २१ जणांस जन्मठेप दिली, त्यांत १३ पोलीस होते आणि बाकीचे खाजगी इसम. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने खाजगी इसमांपैकी काहींना मुक्त केले, पोलिसांवरील ठपका मात्र राहिला. पोलिसी चकमकीच्या खटल्यात खाजगी इसमांचे मुळात काम काय, हा प्रश्न चकमकींच्या चाहत्यांना पडत नाही. टोळ्या दुबळ्या होण्यास इतर कारणेही होती: सोन्याच्या आयातीवरील निर्बंध सैल झाले तसा तस्करीचा पाया खचला, आणि १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा आला. या दोहोंचे श्रेयदेखील बिनदिक्कत पथकांच्याच खाती जमा झाले आहे.

माझ्या मते खरा भेद कठोर आणि मवाळ पोलीस असा नाहीच. माहितीवर चालणारा पोलीस आणि पुराव्यावर चालणारा पोलीस, असा तो आहे. अमुक खून कोणत्या टोळीने केला हे क्राइम ब्रँचला बहुधा लवकरच कळते. अवघड ते त्यापुढचे. जप्त केलेले पिस्तूल कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, लाखेची मोहोर उठवून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून कलिन्याच्या प्रयोगशाळेत धाडावे लागते. मोहोर अस्पष्ट निघाली, अथवा पंच म्हणून ठाण्यासमोरचा, दर पंचनाम्यावर सही ठोकणारा चहावालाच उभा राहिला, की बचावाच्या वकिलास अधिक काही लागत नाही. या कारकुनी चिकाटीवर चित्रपट निघत नाहीत. मोक्का हा कायदा कडक आहे, प्रसंगी जाचकही. तथापि दहा वर्षांतील एकाहून अधिक दोषारोपपत्रे दप्तरातून काढून दाखविल्यावाचून तो लावता येत नाही, आणि वरिष्ठांच्या लेखी मंजुरीखेरीज न्यायालय त्याची दखल घेत नाही. पोलिसास जे ठाऊक आहे ते कागदावर उतरविण्यास आणि त्याखाली सही करण्यास हा कायदा भाग पाडतो. चकमकीत नेमके हेच टळते.

११ जून २०११ रोजी पवईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी जिवंत पकडले गेले, मोक्का लागला, खटला कूर्मगतीने चालला. आणि २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने त्या मारेकऱ्यांबरोबरच, ज्याच्या सांगण्यावरून हत्या झाली त्या टोळीप्रमुख छोटा राजनलाही जन्मठेप ठोठावली.