आधी वही उघडा

उभे राहा. अजून बसायचं नाही. ज्यांची नावं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतात आणि ज्यांच्या एका सहीसाठी पोरं तासन्‌तास उन्हात ताटकळतात, त्या तुम्हा सगळ्यांशी मला बोलायचं आहे.

गृहपाठ न करता आलेल्या मुलांच्या सबबी ऐकण्यात माझा जन्म गेला. पोट दुखत होतं, वीज गेली होती, वही मामाच्या गावाला राहिली. मी प्रत्येकाला एकच विचारत असे: पोट दुखत होतं हे मान्य, आता गृहपाठ कधी दाखवतोस? तुम्हाला हा प्रश्न कुणी विचारतच नाही. कुणाला दुखावल्यावर तुम्ही ‘व्यसन’ म्हणता आणि सभा तिथेच संपते.

अमेरिकेतले मार्क फोली आठवून बघा. फ्लोरिडाचे खासदार. 29 सप्टेंबर 2006 ला त्यांनी राजीनामा दिला. अमेरिकी संसदेत तेव्हा कागद आणि निरोप पोचवण्याच्या कामासाठी देशभरातून शाळकरी मुलं निवडून आणत, सोळा-सतरा वर्षांची. त्यांतल्या काहींना या गृहस्थांनी लैंगिक स्वरूपाचे संदेश पाठवल्याचं उघड झालं. मुलांच्या शोषणाविरुद्ध काम करणाऱ्या खासदारांच्या गटाचं नेतृत्वही हेच करत होते. चार दिवस जात नाहीत तोच ते दारूच्या व्यसनावर उपचार घ्यायला दाखल झाल्याचं जाहीर झालं. पाठोपाठ वकिलांनी सांगितलं की कोवळ्या वयात एका धर्मगुरूने त्यांचं शोषण केलं होतं. ही सबब म्हणून सांगत नाही, असंही वकील म्हणाले. सबब नव्हती, तर त्याच आठवड्यात सांगायची घाई कशाला? कोवळ्या वयात त्यांच्यावर जे गुदरलं, त्याचं मला दुःखच आहे. पण ते दुःख कळलेल्या माणसाने दुसऱ्या मुलाच्या वाटेला जाताना दहा वेळा थबकायला हवं होतं.

फौजदारी खटला उभा राहिला नाही, ते कायद्याचं झालं. मी शिक्षिका आहे, माझी नजर ते संदेश मिळालेल्या पोराकडे जाते. देशाच्या संसदेत काम मिळालं म्हणून घरी पेढे वाटावेत तसा आनंद झाला असेल. मग आपल्याहून तीस वर्षांनी मोठ्या खासदाराचा संदेश आला. ते पोर आधी हरखलं असेल. त्यानंतरचं कुणाला सांगावं, हे त्याला कळलं नसेल. आणि जेव्हा सगळं बाहेर आलं, तेव्हा चर्चा कशाची? खासदारसाहेबांच्या पेल्याची.

त्याच वर्षी जुलैमध्ये अभिनेते मेल गिब्सन मालिबूला पिऊन गाडी चालवताना पकडले गेले आणि पोलिसांसमोर ज्यू लोकांविषयी गरळ ओकले. मग माफी मागितली, दारूशी आयुष्यभराची झुंज सांगितली, उपचार जाहीर केले. दारू जीभ सैल करते हे खरं. पण एखाद्या समाजाचा द्वेष बाटलीत भरलेला नसतो. आडात असेल तेच पोहऱ्यात येतं.

आणि हार्वी वाइनस्टीन. ऑक्टोबर 2017 मध्ये एकामागून एक स्त्रिया त्याच्या अत्याचारांविषयी बोलू लागल्या, आणि हा चित्रपट-निर्माता अ‍ॅरिझोनाला उपचारांसाठी निघून गेला. चर्चा ‘लैंगिक व्यसना’ची. बलात्काराला व्यसनाचं नाव द्यायला जीभ कशी रेटते तुमची? लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने 2023 मध्ये त्याला 16 वर्षांची शिक्षा सुनावली, तीही एका खटल्यातली.

व्यसन हा आजार आहे, याबद्दल माझं दुमत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1956 सालीच दारूचं व्यसन हा आजार मानला. आजारी माणसाला हिणवू नये, हेही मी वर्गात शिकवलं. पण आजार तुम्हाला पेल्याकडे ओढतो. पेल्यानंतर ज्याच्या अंगावर गेलात, त्याच्या जखमेचा हिशेब आजार चुकता करत नाही. आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेपासून हेच आहे आणि नव्या न्याय संहितेतही ते कायम आहे: नकळत किंवा बळजबरीने कुणी पाजली असेल तरच नशेचा बचाव. स्वतःच्या हाताने घेतली असेल तर बचाव नाही.

व्यसनमुक्तीच्या ज्या वाटेचं नाव तुम्ही घेता, ती तरी कधी नीट वाचलीत का? 1935 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुडे एकमेकांना सावरत उभे राहिले आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झालं. त्यांच्या बारा पायऱ्यांमधली चौथी म्हणते, स्वतःच्या वागण्याची निर्भय झडती घ्या. आठवी म्हणते, ज्यांचं नुकसान केलं त्या सगळ्यांची यादी करा. नववी म्हणते, शक्य असेल तिथे समोर जाऊन भरपाई करा. मात्र तसं करण्याने त्यांना किंवा आणखी कुणाला इजा होणार असेल तर नको. त्यांच्या परंपरेत वर्तमानपत्र आणि सिनेमापासून आपलं नाव दूर ठेवायचं असतं. तुमचा उपचार मात्र पत्रक काढून सुरू होतो आणि मुलाखतीत संपतो.

आमच्या शाळेत एक शिपाईमामा होते. प्यायचे. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, सोबर राहिले, आणि वर्षभराने एका सकाळी माझ्या वर्गाच्या दारात उभे. “बाई, येऊ का?” हातात शंभर पानी वही, हजेरीपटासारखी आखलेली. डावीकडे नाव, मधे काय केलं ते, उजवीकडे फेड. माझ्या नावापुढे सहलीच्या पैशातले दोनशे चाळीस रुपये होते. मला त्या पैशांचा पत्ताही नव्हता. त्यांनी ते टेबलावर मोजून ठेवले आणि मागच्या बाकाकडे गेले. तिथल्या एका मुलाच्या त्यांनी पिऊन कानाखाली वाजवली होती. त्याच्यापुढे हात जोडून म्हणाले, “तुला मी मारलं. तुझी काही चूक नव्हती.” दारूने मारलं, असं म्हणाले नाहीत. पोरगा गोंधळून नुसता उभा. मामांनी रकान्यात खूण केली आणि घंटा द्यायला गेले.

अशी माणसं गावोगावी आहेत. केंद्रातून परत आल्यावर कामासाठी दारोदार फिरतात आणि मालक म्हणतो, “सगळे नाटकं करतात.” हा संशय त्यांच्या वाट्याला तुमच्यामुळे येतो. तुम्ही वापरून चोथा केलेला ‘उपचार’ हा शब्द त्यांना आयुष्यभर जपायचा असतो. मला सर्वांत जास्त संताप याचाच येतो.

जबाबदारी घेता येते. केनेडी घराण्यातले खासदार पॅट्रिक केनेडी यांनी मे 2006 मध्ये मध्यरात्रीनंतर संसदेजवळच्या अडथळ्यावर गाडी घातली. दुसऱ्या दिवशी उपचार जाहीर केले, तुमच्यासारखेच. पण पुढच्याच महिन्यात न्यायालयात जाऊन औषधांच्या अमलाखाली गाडी चालवल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला आणि एक वर्षाची देखरेखीची शिक्षा घेतली. दोन वर्षांनी मानसिक आजार आणि व्यसनावरच्या उपचारांना विम्यात इतर आजारांच्या बरोबरीने वागवण्याचा कायदा झाला, त्यामागे त्यांचेही कष्ट होते. मोठ्या घरातला माणूसही दोन्ही करू शकतो: औषध घेणं आणि गुन्हा कबूल करणं.

उपचार घ्या. पूर्ण घ्या, अर्धवट सोडून येऊ नका. घसरलात तर पुन्हा जा, त्यात लाज नाही. पण परतल्यावर कॅमेऱ्यापुढे बसायच्या आधी एक वही आणा आणि तीन रकाने आखा. पहिलं नाव कुणाचं, ते तुम्हाला पाठ आहे. लिहा.