दात साफ करणे आणि सांगणे

बारावीला जीवशास्त्र घेतले, पण नीटचे गुण बीडीएसला पुरले नाहीत, अशा मुलांच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो: डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा करावा का? भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या, तुलसीनगरातल्या मराठी घरांतूनही तो निघतो. भोपाळात राहणाऱ्याने या प्रश्नाला घाईने होय किंवा नाही म्हणू नये, असे मला वाटते.

आधी उणी बाजू, कारण प्रवेशाच्या वेळी ती कुणी सांगत नाही. पीपल्स, ऋषिराज, मानसरोवर अशी दंत महाविद्यालये याच शहरात आहेत आणि तिथून दरवर्षी नवे बीडीएस डॉक्टर बाहेर पडतात. सुरुवातीची काही वर्षे त्यांतले बरेच जण बेताच्या पगारावर दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करतात आणि दातांवरचे कीटण काढण्याचे, म्हणजे स्केलिंगचे, काम त्यांच्याकडेच जाते. मग मालकाने वेगळा हायजिनिस्ट कशाला ठेवावा? पगार त्यामुळे चढत नाही. स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही, दंतवैद्याच्या देखरेखीखालीच काम करावे लागते. दिवसभर वाकून मान, कंबर आणि मनगट धरते. स्केलिंगच्या यंत्राचे तुषार तोंडावर येतात, त्यामुळे मास्क आणि चष्मा यांत एका रुग्णापुरतीही हयगय चालत नाही.

परदेशाची आशा दाखवणारे भेटतात. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना दात साफ करण्याचे शिक्षण दिले, १९१३ मध्ये तिथेच या विषयाचा पहिला वर्ग भरला, आणि आज त्या देशात हायजिनिस्टला स्वतंत्र परवाना, मान आणि चांगले वेतन आहे. हे खरे आहे. पण इथला डिप्लोमा दाखवून तिथली खुर्ची मिळत नाही, तिथले शिक्षण घ्यावेच लागते आणि तिथल्या परीक्षाही द्याव्या लागतात.

तरीही मी या कामाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण या शहरात आहे. भोपाळची ओळख सांगताना जुनी माणसे जर्दा, गर्दा, पर्दा अशी नावे घेत. पर्दा विरला, जर्दा राहिला. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर इथे कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, आणि तिच्यात पुरुषांच्या यादीत तोंडाचा आणि जिभेचा कर्करोग वर दिसतो. १ एप्रिल २०१२ पासून मध्य प्रदेशाने गुटख्यावर बंदी आणली, देशात सर्वांत आधी. मग पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी विकली जाऊ लागली, आणि खाणारा दोन्ही एकत्र करून तोंडात टाकू लागला.

सुपारीने गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठरते, तिखट सोसत नाही, आणि एक दिवस तोंडात तीन बोटे उभी मावत नाहीत. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच या विकाराचे वर्णन केले होते. तो आपोआप बरा होत नाही आणि काही जणांत पुढे कर्करोग होतो. अशा माणसाला डॉक्टरकडे आणणारे कारण अनेकदा वेगळेच असते. लग्न ठरलेले असते आणि लाल-काळे पडलेले दात फोटोसाठी पांढरे हवे असतात.

म्हणजे तो हायजिनिस्टच्या खुर्चीत येतो. अर्धा तास तोंड उघडे, वर दिवा, गाल आणि जिभेच्या कडा समोर. पुसून न जाणारा पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम इथे आधी दिसू शकते. निदान करणे हायजिनिस्टचे काम नाही, पण डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलावणे नक्कीच आहे.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टची व्याख्या करताना दात खरवडणे, साफ करणे, चकाकी देणे यांच्याबरोबर मुखस्वच्छतेचे शिक्षण देणेही लिहिले. दवाखान्याचे बिल मात्र फक्त सफाईचे होते. साफ केल्याने दात हलू लागतात, ही भीती काढायला पाच मिनिटे लागतात, आणि पुडी सोडण्याबद्दल बोलायला त्याहून जास्त. त्या मिनिटांचे पैसे कुणी देत नाही, म्हणून ती कापली जातात. माझ्या मते या व्यवसायाचे सर्वांत मोठे नुकसान पगारात नाही, इथे आहे. ज्याला अनोळखी माणसाशी न रागावता, न लाजवता बोलता येते, त्याने या वाटेने जावे. फक्त यंत्र चालवायचे असेल, तर दोन वर्षे दुसऱ्या कशाला दिलेली बरी.

फॉर्म भरण्याआधी अभ्यासक्रमाला अधिकृत मान्यता आहे का, हे पाहावे. मग एखाद्या दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात परवानगी काढून सकाळभर बसावे आणि तिथल्या हायजिनिस्टला विचारावे, एका रुग्णाशी बोलायला तुम्हाला किती वेळ मिळतो.