सतरा सप्टेंबरच्या सकाळी काय सांगायचं?

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण यंदा माझ्याकडे आलं. लिहिलेलं अण्णांना वाचून दाखवलं. १३ सप्टेंबर १९४८ला पोलीस ॲक्शन सुरू झाली, भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ला निजाम शरण आला, इथवर ते मान डोलवत होते. सुंदरलाल समितीचं नाव आलं आणि त्यांनी हात वर केला.

अण्णा : हे झेंड्यासमोर नको.

मी : समिती नेहरूंनीच पाठवली होती ना? पोलीस ॲक्शनमध्ये आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेली, हा तिचा अंदाज. बहुतेक मुसलमान. सगळ्यांत जास्त झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्ग्याला. अहवाल कितीतरी वर्षं दडपून ठेवला.

अण्णा : आणि त्याआधी निजामाच्या रझाकारीत काय झालं? तुझे आजोबा बार्शीकडे लढ्याच्या कॅम्पात. इकडे आईनं ज्वारीचं पेव बुजवलं, मला कडेवर घेतलं आणि रातोरात हद्द ओलांडली. चळवळीतल्या गोविंदराव पानसऱ्यांना १९४६ साली मारलं. या माणसांना वर्षातून एक सकाळ मिळते. तीही वाटून द्यायची?

मी : स्वामी रामानंद तीर्थांची चळवळ निजामाच्या राजवटीविरुद्ध होती, शेजाऱ्याचं घर जाळायला नव्हती. आपण गप्प बसलो की ते पाप चळवळीच्याच नावावर चढतं. आणि भोगलं कुणी? निजाम १९५०ला राजप्रमुख झाला. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी शिक्षा भोगून पाकिस्तानात गेला. मेला तो गावातला विणकर.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत.

अण्णा : मग शोएबुल्ला खानांचं सांग. ‘इमरोज’चे संपादक. भारतात सामील व्हा म्हणाले, म्हणून रझाकारांनी मारलं. पोरांना पटेल.

मी : सांगणारच. पण तेवढंच सांगितलं तर आपण सहज सुटतो. माझ्या सातवीच्या रांगेत शेख, पठाण, सय्यदही सलामी देतात. त्यांच्याही घरी पोलीस ॲक्शनची आठवण आहे. शाळेत ती कुणी कधी विचारली नाही.

अण्णा : आणि एखाद्या पोरानं विचारलं, मारणारे कोण होते?

मी : तुम्ही काय सांगाल?

अण्णा : बाहेरून आलेले होते, तसे गावातलेही होते. त्यांतल्या दोघांशी तुझ्या आजोबांनी मरेपर्यंत बोलणं टाकलं होतं. कॅम्पातलेच सोबती होते ते.

मी : हे भाषणात घेऊ?

अण्णा : घे. नावं मात्र घालू नकोस. त्यांची पणतवंडं तुझ्याच वर्गात आहेत.