उसवण्याची सोय

सोय हा शब्द व्यवहारांत इतका निरुपद्रवी वाटतो कीं, त्याची नैतिक तपासणी करावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. जें श्रम वांचवितें तें चांगलें, आणि जें अधिक श्रम वांचवितें तें अधिक चांगलें, हें जणू स्वयंसिद्ध आहे अशा समजुतीनें आपण वागत असतों. या समजुतीचा फेरविचार करण्याचा प्रसंग आमच्यावर नुकताच आमच्या या वणी गांवीं आला, आणि तोहि शिवणकामासारख्या, प्राध्यापकांच्या चर्चेंत क्वचितच शिरणाऱ्या विषयाच्या निमित्तानें.

आमचे एक माजी विद्यार्थी संगणकाच्या व्यवसायांत आहेत. शिवण शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या स्त्रियांना एकमेकींशीं बोलतां यावें, यासाठीं त्यांनीं मोबाईलवर एक सामायिक जागा उभारली आहे. सणानिमित्त ते गांवीं आले, ते या जागेंत कोणत्या नव्या सोयी घालाव्या याची यादी घेऊनच आले. तींत तीन कलमें ठळक होतीं. शिवलेल्या कपड्याचें चित्र मांडल्यावर त्यास मिळालेली पसंती मोजावी व जिला सर्वांत अधिक पसंती तिला मानचिन्ह द्यावें. छाती, कंबर, बाही यांचीं मापें भरतांच कटिंगचा कागद आपोआप तयार व्हावा. आणि तयार कपडे तेथेंच विकतां यावे. आम्हांस सुईंत दोरा ओवण्यापलीकडे कांहीं येत नाहीं. म्हणून ती यादी आम्हीं आमच्या आळींतील एका बाईंना वाचून दाखविली. त्या ब्लाऊज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करितात, आणि कटोरी ब्लाऊजचें कटिंग मोबाईलवरचीं चित्रें पाहूनच शिकल्या आहेत. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकलें आणि विचारलें, "सर, हे सारं बरं हाय, पण माही बाही फसली त कोणाले दाखवू?"

प्रश्न साधा होता. परंतु यादींतील एकाहि कलमांत त्याचें उत्तर नव्हतें. शिवणाऱ्याची निम्मी विद्या शिवण्यांत असते आणि निम्मी उसवण्यांत. बाहीला चुणी पडली तर दोष मुंढ्याच्या कापांत असेल, कापडाचा उभा-आडवा धागा न पाहतां कात्री चालविण्यांत असेल, किंवा यंत्रावरील दोऱ्याच्या ताणांतहि असेल. सुलट बाजूच्या चित्रावरून तें कळत नाहीं. कपडा उलटा करून पाहावा लागतो. पूर्वीं घरांतील एखादी वडील बाई तो उलटा करी, "हें उसव" म्हणून सांगे, आणि ती चूक त्या दोघींतच राही. जेथें पसंतीचे आंकडे मोजले जातात तेथें मात्र चूक दाखविणें म्हणजे आपल्या हातानें आपली पत घालविणें होय. मग जी ती सुलट बाजूच मांडते, आणि नवशिकीस वाटतें कीं, आपल्याखेरीज कोणाचें कांहीं फसतच नाहीं.

यंत्राविषयींची धास्ती कांहीं आजची नव्हे. फ्रान्समध्यें थिमोनिए यानें १८३० सालीं शिलाईच्या यंत्राचें पेटंट घेतलें; पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या शिंप्यांनीं त्याच्या कारखान्यांतील यंत्रें मोडून टाकलीं. भाकरी जाईल ही त्यांची भीति खोटी म्हणवत नाहीं. तथापि यंत्र थांबलें नाहीं, आणि आज आमच्या गांवांतील कित्येक घरांची चूल त्याच्याच जोरावर पेटते. या विषयाचा अधिक सूक्ष्म विचार महात्मा गांधींनीं १९२४ सालीं मांडला. यंत्रमात्राचे विरोधक असा त्यांचा लौकिक. परंतु सिंगरच्या शिलाई यंत्रास त्यांनीं उघड अपवाद केला. यंत्रानें माणसाचीं गात्रें निकामी होतां कामा नयेत, ही त्यांची कसोटी होती. मग तें यंत्र बनविण्यास कारखाना लागेल, त्याचें काय, असें विचारतां, असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे अथवा सरकारी नियंत्रणाखालीं असावे, असें त्यांनीं सांगितलें. म्हणजे प्रत्येक सोयीस दोन प्रश्न विचारावयाचे: ती माणसास समर्थ करते कीं पंगु करते, आणि तिची किल्ली कोणाच्या कमरेला आहे.

पहिल्या प्रश्नापुढें कटिंगचा कागद उभा करून पाहूं. अमेरिकेंत बटरिक यानें १८६३ सालीं निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने काढले, त्यामुळें घरोघरच्या स्त्रियांची बुद्धि गंजली नाहीं. कारण कागद डोळ्यांसमोर राहतो, तो ताडून पाहतां येतो, बदलतां येतो. मोबाईलनेंहि छातीच्या मापाचा चौथा भाग कां घेतला, सैलपणासाठीं किती मिळविलें, हें पायरीपायरीनें दाखविलें तर तो शिक्षक होय. नुसता तयार कागद हातांत ठेवला, तर उद्यां तो बंद पडतांच शिवणारीचे हातहि थांबतील.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. विणकाम करणाऱ्यांसाठीं २००७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या रॅव्हलरी या जागेचें रूप २०२० सालीं एकाएकीं बदललें. नव्या रूपानें डोकें दुखतें, झटकेहि येतात, अशा तक्रारी अनेकांनीं केल्या. जुनें रूप निवडण्याची मुभा कांहीं काळ ठेवावी लागली. त्याच वर्षीं २९ जूनला आपल्या सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली. बंदीच्या योग्यायोग्यतेचा वाद येथें नको. पण ज्या सामान्य स्त्रीपुरुषांनीं आपलें कौशल्य व आपले चाहते तेथें जमविले होते, त्यांची कमाई एका रात्रींत नाहींशी झाली, हें खरें. विक्रीची सोय आम्ही हलकी मानीत नाहीं. दरमहा वेतन घेणाऱ्यानें दुसऱ्याच्या चार पैशांस नांवें ठेवणें शोभत नाहीं. मात्र जी बाई तेथें दुकान मांडील तिला आपलीं गिऱ्हाइकें, आपले नमुने आणि आपली शिकवण घेऊन केव्हांहि बाहेर पडतां आलें पाहिजे, आणि रूप बदलण्यापूर्वीं तिला विचारलें गेलें पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एक आक्षेप घेतला. ते म्हणाले, "सर, लोक नटलेले कपडे पाहायला येतात, फसलेल्या बाह्या पाहायला कोण येणार?" आक्षेप खरा आहे, आणि त्याचें पुरतें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. शिवाय उपदेश करतांना आमची आम्हांलाच लाज वाटली. एवढीं वर्षें वर्गांत आम्हीं गुण मोजले, क्रमांक लावले; अडलेला विद्यार्थी आपली शंका मागच्या बांकावर लपवून बसला, तर ती त्याची भित्री वृत्ति असें समजून पुढें गेलों. त्याची उलटी बाजू पाहण्याची सोय आम्हीं तरी कोठें ठेविली होती?

अखेरीस त्यांनीं मानचिन्हाचें कलम खोडलें, विक्रीचें ठेविलें, आणि यादीच्या शेवटीं एक नवी ओळ लिहिली: फसलेलें काम दाखविण्यास एक जागा, तेथें पसंतीची मोजदाद नाहीं. ती जागा भरेल कीं ओस पडेल हें काळच ठरवील. ती पाहून आमच्या आळींतील बाईंनीं आपलें एक जुनें पोलकें उलटें करून आम्हांस दाखविलें. शिलाईच्या आंत बोटभर कापड मोकळें सोडलेलें होतें. उद्यां अंग भरलें तर उसवून पोलकें सैल करतां यावें, म्हणून तें राखावयाचें असतें. शिवणारे त्यास माया म्हणतात.