रुळणे

नवी कातडी वहाण पायाला चावते, हे कोणास सांगावयास नको. कोल्हापुरी वहाणेचे चामडे बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेले असते; ते टिकाऊ खरे, पण आरंभी ताठर. म्हणून जाणती माणसे तिला तेल लावतात, काही दिवस घरातल्या घरात घालतात आणि वारीच्या लांब वाटेला जुनीच वहाण काढतात. अमेरिकेतील बेसबॉल खेळणारी मुलेही नव्या चामडी हातमोजाला तेल चोळतात, त्यात चेंडू ठेवून तो रात्रभर बांधून ठेवतात. तरीही मोजा हाताला खरा बसतो तो चेंडू झेलून झेलूनच. घाईने विस्तवाजवळ धरलेले चामडे मात्र कडक होऊन तडकते.

या क्रियेला मराठीत सुंदर शब्द आहे: रुळणे. पण हाच शब्द आपण सुनेविषयीही वापरतो. लग्नाला दोन महिने होताच शेजारीपाजारी विचारतात, "सून रुळली का?" लग्ने लावणाऱ्या आम्हा धर्मगुरूंच्या कानी हा प्रश्न नेहमी पडतो. तो मायेनेच विचारलेला असतो. तथापि रुळायचे कोणी, हा नैतिक प्रश्न त्यात दडलेला आहे.

कोणी म्हणेल, नव्याने जुन्याशी जुळवून घ्यावे. एकीसाठी घर बदलू लागले, तर घराचे घरपण काय राहिले? यात तथ्य आहे. रीतीवाचून घर उभे राहत नाही. परंतु वहाणेकडे नीट पाहावे. चामडे पायाच्या आकाराने सैलावते, तेव्हा पायालाही फोड येतो, पुढे घट्टा पडतो. बदल दोघांतही होतो. शिवाय चामड्याला वेदना नाही, माणसाला आहे. निर्जीव वस्तूला आपण तेल आणि सवड देतो. जिवंत मुलीने मात्र दोन महिन्यांत ताठरपणा सोडावा, हे न्यायाला धरून आहे काय? पुष्कळदा आपण ज्याला ताठरपणा म्हणतो, ते तिचे शिक्षण असते, तिचे मत असते. रुळलेली सून शांत असते, आणि मनाने मोडलेलीही शांतच असते. हा भेद घरच्यांना ओळखता आला पाहिजे.

आमच्या नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य मराठीत सांगितले. तत्त्वज्ञान पेलण्यासाठी मराठीला आपले बळ ताणावे लागले. तत्त्वज्ञानालाही आई-लेकरू, शेत-पाणी यांच्या दृष्टांतांपर्यंत यावे लागले. दोघांनी एकमेकांना जागा दिली, आणि लहान कोणीच झाले नाही. ज्या खांबाला टेकून ते सांगितले अशी परंपरा आहे, त्याला पैसाचा खांब म्हणतात. आणि पैस म्हणजे ऐसपैस, मोकळी जागा.

सुनेला घरात असा पैस मिळावा. तिच्या हातची निराळी चव ताटात यावी, तिचे मत बैठकीत ऐकले जावे. सून येऊन वर्ष लोटले आणि घरात तसूभरही काही बदलले नाही, तर त्या घरी रुळणे अजून व्हायचेच आहे, असे आम्ही समजतो.