लाल पान केव्हाचं?

हस्तकलेच्या पुस्तकांत ऑक्टोबरचा धडा बहुधा ठरलेला असतो: गळलेली लाल-पिवळी पानं वेचा, कागदावर चिकटवा, घुबड करा, साळिंदर करा. पुस्तक जिथलं आहे तिथे ते बरोबरच. पण लोधीखेड्यातलं पोर आश्विनात पानं वेचायला निघालं तर हाती काय लागणार? नुकत्याच सरलेल्या पावसानं झाडं गच्च हिरवी. रंग चढू लागतो तो आंबिया बहाराच्या संत्र्यांवर. मग बिचारं पोर हिरवं पान खडूनं लाल करतं.

थंड मुलखात दिवस आखडू लागले की पानातलं हरितद्रव्य विरतं आणि झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. काही झाडं त्यात नव्यानं लाली भरतात. आपल्या झाडांची मुख्य अडचण पाण्याची. जमिनीतली ओल उतरली की पानांवाटे उडणारं पाणी वाचवायला ती पानं टाकू लागतात. सागाखाली, पळसाखाली खरा सडा पडतो तो शिशिरात. त्यातलं बरंचसं पान भुरकट, किडीनं चाळण केलेलं. लाल पान हवं असेल तर आणखी थोडं थांबावं, कुसुमाला आणि पिंपळाला पालवी फुटेपर्यंत. आपल्याकडे लाली नवजात पानाची. मुलांना हे सांगून पाहा. पुस्तकातलं चित्र उलटं धरल्यासारखं त्यांना वाटतं आणि भारी आवडतं.

शरदात पान हाताळायचंच तर दसऱ्याचा आपटा आहे. त्याच्या नावावर कांचनाच्या फांद्याही खपतात. दोन्ही पानं शेजारी ठेवावीत: आपट्याचं लहान, जाडसर, कांचनाचं मोठं. फांदी ओरबाडायची गरज नाही, एकेक पान पुरे.

पळस तर इथल्या पोरांना ओळखवावाच लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमारीसाठी जाम नदीत रोवतात तो हाच. त्याच्या तीन पानांतलं मधलं घेऊन द्रोण करायला शिकवावं. वाळलेलं पान तसंच दुमडलं तर चिरतं. आधी पाणी शिंपडून ओलसर फडक्यात गुंडाळावं, मग बारीक काडीनं टाचावं. पहिला द्रोण गळतो. दुसऱ्यात फुटाणे राहिले तरी पोरांची छाती फुगते.

पिंपळाच्या पानाची जाळी मात्र सवडीचं काम. पान पाण्यात बुडवून ठेवायचं, अधूनमधून पाणी बदलायचं. काही आठवड्यांत गर कुजून सुटतो आणि मऊ ब्रशनं हळूच झाडला की शिरा तेवढ्या उरतात. या काळात पाण्याला जो वास सुटतो त्यावरून घरात बोलणी बसतात, तेव्हा डबा पहिल्या दिवसापासूनच अंगणात ठेवलेला बरा.